हुकमाचे दोन भाग

"थांब! एंटर दाबू नकोस!"

दिल्लीत द्वारका भागातल्या त्या घरात मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ही आरोळी ऐकली आणि माझ्या हातातला चहा सांडला. धावत बाहेर आले. बैठकीत आमचे घरमालक एकटेच बसले होते. पाठ ताठ, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर चष्मा, समोर लॅपटॉप. ते ओरडले होते ते स्वतःलाच.

"आधी वाच, काय लिहिलंयस ते," त्यांनी स्वतःला दटावलं. पुटपुटत वाचलं, मान डोलावली, "हां, अब" म्हणाले आणि बोट एंटरवर आपटलं. पडद्यावर काहीतरी सरसर उमटलं आणि त्यांनी आनंदाने शिट्टी फुंकली. घर दणाणलं.

"अहो!" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या. "खालचे लोक परत येतील भांडायला!"

"येऊ देत. त्यांनाही दाखवतो."

आर. के. पुरममधल्या एका शाळेत त्यांनी सगळी नोकरी पी.टी.चे सर म्हणून केली होती. सोसायटीतला वॉचमन, भाजीवाला, शेजारपाजारचे, सगळे त्यांना सरच म्हणायचे. मीही. तरुणपणी सांगलीहून दिल्लीला आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण हुकूम सोडायचे ते हिंदीतून. "माझी भाषा सांगलीची, हुकूम दिल्लीचे," असं अभिमानाने सांगायचे. जेवायला बसताना पाट ओढून "बैठ जाओ" म्हणायचे आणि काकू शांतपणे "वाढताय का आधी?" असं विचारायच्या.

त्यांच्या लॅपटॉपवर चित्रं नव्हती. खिडक्या नाहीत, फोल्डरचे पिवळे चौकोन नाहीत, माउसही नाही. नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. हवं ते अक्षरांत लिहून सांगायचं. चुकलं तर यंत्र एका ओळीत सांगणार की समजलं नाही. हा प्रकार मोठमोठ्या कंपन्यांतले इंजिनिअर वापरतात, एवढं मला माहीत होतं. रिटायर झालेला पी.टी.चा मास्तर विजेचं बिल बघायला आणि मुलाला ईमेल लिहायला तो का वापरतो, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "मला बोट दाखवून मागायला आवडत नाही. मी सांगणार, त्याने करायचं." आणि डावा हात पुढे करून बोलत राहायचे. उजवा कायम खिशात. मला ती त्यांची ऐट वाटायची.

मी तेव्हा गुडगावच्या एका संस्थेत नोकरीला लागले होते. गावोगावच्या शाळांची माहिती गोळा करून तिचे तक्ते बनवणं हे माझं काम. तक्त्यांत मी पक्की होते. पण रुजू होऊन थोडेच दिवस झाले आणि आमच्या साहेबांनी जाहीर केलं की आता सगळी माहिती दूरच्या एका मोठ्या कंप्युटरवर राहील आणि तिथे फक्त काळा पडदा असेल. "सीख जाओगी, आसान है," ते म्हणाले. नोकरी अजून पक्की झाली नव्हती, त्यामुळे मीही "बिल्कुल, सर" म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मला दाखवलं. त्याची बोटं तबल्यावर फिरावीत तशी फिरली, पडदा भरला, रिकामा झाला. "बस, इतना ही है यार," असं म्हणून तो निघून गेला. मी बसले. लुकलुकणारी रेघ माझ्याकडे बघत होती. मी 'ओपन' लिहिलं. समजलं नाही. 'स्टार्ट' लिहिलं. समजलं नाही. शेवटी कोणी बघत नाही असं पाहून मी 'प्लीज' लिहिलं. तेही समजलं नाही.

यातली खरी अडचण ज्यांना येतं त्यांना कळत नाही. चित्रांच्या कंप्युटरवर आपल्याला काही माहीत नसलं तरी समोर दहा दारं दिसतात, एखादं ढकलून बघता येतं. इथे दारच दिसत नाही. भिंतीसमोर उभं राहून तुम्हाला दाराचं नाव घ्यायचं असतं, आणि नावं दोन-दोन, तीन-तीन अक्षरांची, कुणीतरी घाईत ठेवल्यासारखी. शिवाय एखादं चुकीचं दार उघडून सगळं वाहून जाईल ही भीती वेगळीच.

त्या रात्री जेवताना आमटीचा भुरका मारता मारता मला रडू फुटलं. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रागच आला. माझी नोकरी चालली होती आणि हा माणूस खुशीत हसत होता.

"काळा पडदा?" ते म्हणाले. "चलो! उद्या सकाळी बुटांच्या नाड्या बांधून खाली ये. कंप्युटर आणू नकोस."

खाली म्हणजे सोसायटीच्या पार्कात. मी पोचले तेव्हा त्यांनी बॅडमिंटनच्या कोर्टाभोवती फक्कीने चौकोन आखून ठेवले होते, शाळेत धावण्याचे पट्टे आखतात तसे. एक मोठा चौकोन, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान.

"हे तुझ्या त्या मोठ्या कंप्युटरचं मैदान. उभी राहा कुठेही. आता सांग, तू कुठे आहेस?"

"पार्कात."

"पार्कात सगळेच आहेत. कुठल्या चौकोनात? हाच पहिला हुकूम. पीडब्ल्यूडी."

"ते तर रस्ते बांधणारं खातं ना सर?"

"रस्त्यावर उतरायच्या आधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं, म्हणून पीडब्ल्यूडी. विसरशील आता?"

विसरले नाही. एलएस म्हणजे हजेरी, या चौकोनात कोण कोण हजर आहे ते. सीडी म्हणजे चल त्या चौकोनात. सीडी आणि दोन टिंबं म्हणजे एक पाऊल पीछे. मी कोर्टावर चालत होते, मागे सरत होते, सर ओरडत होते, आणि सकाळी फिरायला आलेली मंडळी थांबून बघू लागली होती.

समोरच्या ब्लॉकमधल्या खुराना आंटी सगळ्यात आधी आत शिरल्या. "भाईसाहब, ये कौन सी एक्सरसाइज है?"

"दिमाग की. आप फाइल बन जाइए."

खुराना आंटी फाइल बनल्या. त्यांना एका चौकोनातून दुसऱ्यात हलवलं. मग त्यांची नक्कल म्हणून त्यांच्या नणंदेला तिसऱ्या चौकोनात उभं केलं. पुढच्या सकाळी आणखी चौघीजणी आल्या. एक कर्नल अंकलही आले. सर म्हणाले, आज आपण फाइल पुसायला शिकू. मला सांगितलं, "कर्नल साहेबांवर आरएम चालव." मी हुकूम दिला. सरांनी कर्नल अंकलना कोर्टाबाहेर काढलं.

"अब वापस बुलाओ," खुराना आंटी म्हणाल्या.

"वापस नहीं आते. यहाँ कचरे का डिब्बा नहीं होता. गया तो गया."

"अरे, ऐसे कैसे गया?" कर्नल अंकल भडकले. "मैं यहीं खड़ा हूँ!"

"साहब, आप मिट चुके हैं."

कर्नल अंकल तरातरा घरी गेले. पुढचे कित्येक दिवस त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा पाठवला तेव्हा परतले. पण आरएम लिहिताना माझा हात आजही थांबतो आणि डोळ्यांसमोर कर्नल अंकलची जाणारी पाठ येते. कुठल्याही पुस्तकाने मला ही सावधगिरी शिकवली नसती.

त्यांचा सगळ्यात मोठा धडा मात्र कवायतीतून आला होता. "हुकमाचे दोन भाग असतात," ते सांगायचे. "'दाहिने' म्हटलं की पलटण सावध होते. पण हलत नाही. 'मुड' म्हटलं की हलते. दोन्हींच्या मधे श्वास घ्यायचा असतो. त्या श्वासात चूक पकडता येते. तू लिहितेस तो पहिला भाग. एंटर हा दुसरा. मधला श्वास गिळू नकोस." त्या पहिल्या रविवारी ते स्वतःवर का ओरडले होते ते मला आता कळलं.

आणि चुकून 'समजलं नाही' असं उत्तर आलं, मी चिडून कपाळाला हात लावला, की म्हणायचे, "त्याने टोमणा मारला का? नाही. समजलं नाही म्हणाला. किती सभ्य आहे बघ. माणसं इतकी सरळ बोलत नाहीत."

हळूहळू ऑफिसात माझी बोटं सरळ चालू लागली. एका हुकमाचं काम पुढच्याच्या हातात देण्याची जी उभी रेघ असते ती मला सगळ्यात अवघड गेली होती. सरांनी रिले रेसचं बॅटन आणून आम्हा सगळ्यांना पार्कात पळवलं: पहिली सगळी नावं घेऊन धावते, दुसरी त्यातली हवी तीच ठेवते, तिसरी त्यांना रांगेत लावते, चौथी मोजते. खुराना आंटी चौथ्या होत्या आणि धापा टाकत मोजायच्या. नंतर एक दिवस ऑफिसात मी असाच चार धावपटूंचा हुकूम लिहिला, श्वास घेतला, एंटर दाबलं, आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या शाळांची बेरीज पडद्यावर उभी राहिली. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. शेजारचा मुलगा दचकला. नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं तेव्हा सरांनी गॅलरीत जाऊन इतकी लांब शिट्टी वाजवली की खालून वॉचमन पळत वर आला.

त्यांच्या उजव्या हाताबद्दल काकूंनी मला सांगितलं ते आम्ही दोघी मटार सोलत असताना.

"थरथरतो गं तो. बरीच वर्षं झाली. नोकरीत असतानाच सुरू झालं. खिशात घालून फिरतात म्हणजे कुणाला दिसत नाही असं त्यांना वाटतं." मग त्यांनी हळू आवाजात पुढचं सांगितलं. माउस धरला की पडद्यावरचा बाण नुसता नाचायचा. दाबायचं एक, दाबलं जायचं दुसरंच. एकदा एका ऑफिसच्या काउंटरवर मागची रांग ताटकळली आणि तिथला माणूस म्हणाला, "अंकल, बेटे को भेज दीजिए." मुलगा बेंगळुरूला. सर काम न करताच घरी आले. मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हा काळा पडदा लावून दिला. मनगट टेबलावर घट्ट टेकवलं की एका बोटाने किल्ली दाबता येते. कधी एक अक्षर दोनदा पडतं, पण ते एंटरच्या आधी खोडता येतं.

"सहा महिने नुसते चुकत होते," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, सोडतील. शेवटी ती शिट्टी पहिल्यांदा वाजली ना, त्या दिवशी मी शिरा केला."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

काकूंचे हात थांबले. "नाव काढू देत नाहीत. सांगलीला त्यांचे थोरले भाऊ. त्यांचाही असाच हात हलायला लागला होता. मग पाय गेले, बोलणं गेलं, अंथरुणावरच गेले शेवटी. यांना वाटतं आपलंही तेच. मग कशाला विचारायचं?"

इतकं सगळं आत ठेवून हा माणूस रोज सकाळी पार्कात बायकांना फाइली बनवत होता.

थंडीत त्यांच्या जुन्या शाळेच्या क्रीडादिनाचं आमंत्रण आलं. काकूंचा गुडघा दुखत होता म्हणून सरांबरोबर मी गेले. कोवळं ऊन, रंगीत झेंडे, चार रंगांच्या चार हाउसमधली शेकडो मुलं मैदानाभोवती ओरडत होती. कडेला मोठा पडदा लावून त्यावर शर्यती दाखवत होते. सरांनी इस्त्री केलेला ट्रॅकसूट घातला होता. लॅपटॉपची पिशवी खांद्यावर, ती कायम असायची.

बक्षिसांची वेळ आली आणि गडबड झाली. ज्या हाउसचे सगळ्यात जास्त पहिले नंबर, त्याला मोठी शिल्ड मिळणार होती. प्रत्येक स्पर्धेचा निकाल वेगवेगळ्या शिक्षकांनी वेगवेगळ्या छोट्या फाइलीत लिहिला होता. नव्या पी.टी.च्या मॅडम, तरुण आणि भली बाई, एकेक फाइल उघडून जुळवत होत्या, तेवढ्यात त्यांचा लॅपटॉप अडकून बसला. पाहुण्यांना विमान गाठायचं होतं. मुलं "रिझल्ट! रिझल्ट!" असा गजर करू लागली.

सर पुढे झाले. "फाइलें पेनड्राइव में दे दो."

प्राचार्य खूश झाले. "सर, स्टेज पर ही कर दीजिए, बड़ी स्क्रीन पर सब देख लेंगे!" कुणीतरी लगेच तार जोडलीही. सरांचा काळा पडदा भिंतीएवढा होऊन सगळ्या मैदानासमोर उभा राहिला.

सरांचा चेहरा उतरला. ते मला हळूच म्हणाले, "तू बस. मी सांगतो, तू टाइप कर."

मी खुर्ची ओढली. तेवढ्यात मॅडम रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "सॉरी सर, मुझसे ये सब नहीं होता. सब देख रहे हों तो मेरे हाथ काँपने लगते हैं."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला खूण केली. मी उठले. ते बसले, माईक जवळ ओढला आणि खिशातून उजवा हात काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं.

"मैडम, देखिए," ते म्हणाले. माईक चालू होता. "मेरा तो रोज़ काँपता है."

त्यांनी मनगट टेकवलं आणि लिहायला लागले. पहिल्याच शब्दात अक्षर दोनदा पडलं, हात उडून एंटरवर गेला. भिंतीएवढ्या पडद्यावर उत्तर आलं. मुलं हसली.

"पढ़ो ज़ोर से! क्या बोला?"

"कमांड नॉट फाउंड!" सगळं मैदान ओरडलं.

"यानी समझ में नहीं आया. डाँटा उसने?"

"नहीं सर!"

"तो?"

"दुबारा!"

मग त्यांनी रिले बांधली. प्रत्येक तुकडा लिहिताना माईकवर समजावत होते: सब फाइलें एक लाइन में. जिनका पहला नंबर, सिर्फ़ वो रुकें. सिर्फ़ हाउस का नाम. एक रंगवाले साथ खड़े हों. गिनती. चुका होत होत्या, ते खोडत होते, आणि प्रत्येक वेळी "दुबारा!" असा आवाज घुमत होता. शेवटी त्यांनी हात उचलला, ओळ पहिल्यापासून वाचली. "दाहिने..." ते म्हणाले आणि हसून मुलांकडे पाहिलं.

"एंटर!"

आकडे उमटले. लाल हाउस सगळ्यांत पुढे. लाल मुलं उड्या मारायला लागली, ढोल वाजला, पाहुणे शिल्डकडे वळले. आणि सरांनी शिट्टी फुंकली. करकरीत, मैदानावरची.

"रुको! पहले पढ़ो!"

मीही तेव्हाच पाहिलं. निळ्या हाउसचं नाव दोनदा आलं होतं, एकदा इंग्रजीतल्या मोठ्या, कॅपिटल अक्षराने, एकदा छोट्या. कुणी एक प्रकारे लिहिलं, कुणी दुसऱ्या. यंत्राने त्यांची दोन वेगळी हाउसं धरली होती. सरांनी रिलेत आणखी एक धावपटू घातला, सगळी अक्षरं छोटी करणारा. पुन्हा "एंटर!" पुन्हा आकडे. लाल आणि निळे बरोबरीत!

मग जे झालं त्याला गोंधळ हाच शब्द. दोन्ही हाउसचे कॅप्टन शिल्डची एकेक बाजू धरून धावत सुटले, मागे सगळी मुलं, आणि नव्या मॅडम टाळ्या वाजवत सरांना विचारत होत्या, "सर, मुझे सिखाएँगे? सच में?"

"रविवार को द्वारका आइए. जूते पहनकर."

परत येताना आम्ही मेट्रोने निघालो. जनकपुरीला गाडी बदलून बसलो, तेव्हा सर म्हणाले, "ती बाई घाबरली होती. पण सगळ्यांसमोर बोलली." थोड्या वेळाने खिडकीकडे बघत म्हणाले, "काकूला सांग, हातासाठी डॉक्टरांची वेळ घे म्हणावं. मी सांगितलं तर ती रडेल."

मी सांगितलं तरी काकू रडल्या.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीण बाईंनी सरांना कागदावर गोल गोल नागमोडी रेघ काढायला लावली, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं. हात ताठ होतो का, नाकाला वास कळतो का, रात्री झोपेत काय होतं, खूप विचारलं. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या.

"आपके भाई साहब वाली बीमारी नहीं है," डॉक्टरीण बाई शेवटी म्हणाल्या. "ये दूसरी चीज़ है. हाथ काँपेगा, शायद थोड़ा बढ़े भी. गोली से फ़र्क पड़ेगा. लेकिन चलना-फिरना, बोलना, सब रहेगा."

"पक्का?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मेरे हिसाब से पक्का. छह महीने पहले आ जाते तो छह महीने कम डरते."

"मैं तो बरसों से डर रहा हूँ, डॉक्टर साहब," सर म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

बाहेर आलो. दुपारचं ऊन, गाड्यांच्या दोन रांगांमधून फाटकापर्यंत सरळ मोकळा रस्ता. सर एका जागी थांबले. त्यांनी पाय आपटून पाहिले, खांदे फिरवले, विजार थोडी वर खेचली.

"चल," मला म्हणाले. "फाटकापर्यंत."

"सर, इथे?"

"अहो! हॉस्पिटल आहे हे!" काकू ओरडल्या.

ते निघालेसुद्धा होते. वयाला न शोभणाऱ्या वेगाने, छाती पुढे काढून, दोन्ही हात झोकात हलवत. मी पर्स काकूंच्या हातात कोंबली आणि त्यांच्यामागे धावले. जीव तोडून धावले. फाटकावरच्या गार्डने आधी शिट्टी वाजवली, मग काय झालं कोण जाणे, हात वर करून गाड्या थांबवल्या आणि आम्हाला वाट करून दिली.

मी हरले. मागून काकू दोन पर्स, एक फाइल आणि दुखरा गुडघा सांभाळत येत होत्या, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज आमच्या आधी फाटकापाशी पोचला होता.